पहारा कोणाचा, पहारेकरी कोणाचा?

मॉरिशस हे हिंदी महासागरातील जेमतेम साडेबारा लाख वस्तीचे बेट. धान्य, इंधन, औषधे, यंत्रे असे बहुतेक सारे त्याला बाहेरून आणावे लागते. आयातीच्या या यादीत गेल्या काही वर्षांत आणखी एका मालाची भर पडली आहे, आणि तो माल म्हणजे नागरिकांवर ठेवण्याची नजर. ‘सेफ सिटी’ या गोंडस नावाखाली हुआवे या चिनी कंपनीची सामग्री, चीनच्या एक्झिम बँकेचे कर्ज आणि मॉरिशस टेलिकॉमची मध्यस्थी यांतून सुमारे ४,००० कॅमेऱ्यांची योजना पोलिसांसाठी उभी राहिली. सुरक्षिततेला विरोध कोण करणार? पण सुरक्षितता कोणाची आणि कोणापासून, हा प्रश्न विचारल्याशिवाय समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याला पुढे जाता येत नाही.

या बाजाराची रीतच वेगळी आहे. तांदळाचे पोते एकदा घरात आले की दुकानदाराशी संबंध संपतो. कॅमेऱ्याचे तसे नसते. त्यामागची संगणकप्रणाली, साठवणुकीची यंत्रे, सुटे भाग, दुरुस्ती आणि परवान्यांचे नूतनीकरण यांसाठी पुन्हा पुन्हा त्याच विक्रेत्याचे दार ठोठवावे लागते. मोठा देश निदान चार विक्रेत्यांना एकमेकांशी झुंजवू शकतो किंवा स्वतःचा कारखाना काढू शकतो. छोट्या देशात गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. आणि विक्रेता येतो तो आपली बँक बरोबर घेऊनच. अशा व्यवहारात विकत घेणारा ग्राहक राहत नाही, तो कूळ बनतो. कर्जाचा अखेरचा बोजा पडतो तो जनतेवर. ज्याच्यावर पाळत, त्याच्याच खिशातून पाळतीचा खर्च!

हा माल चिनी आहे म्हणूनच तो धोक्याचा, असे सांगणारे दिल्लीत पुष्कळ आहेत. त्यांचा युक्तिवाद अर्धवट आणि सोयीचा आहे. मॉरिशसच्या किनाऱ्यावरील टेहळणीची रडार यंत्रणा भारतानेच उभारून दिली. २०१३ साली बोटांचे ठसे घेणारे ओळखपत्र आले, ते सिंगापूरच्या साह्याने. ते ठसे साठवून ठेवणे लोकशाही समाजात समर्थनीय नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाला २०१५ साली सांगावे लागले. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही या ओळखपत्राच्या प्रकरणात खाजगीपणाच्या हक्काचा भंग झाल्याचा निष्कर्ष काढला. तेव्हा प्रश्न विक्रेत्याच्या झेंड्याचा नाही. ज्याला विचारलेच नाही अशा नागरिकाच्या डोक्यावरून होणाऱ्या सौद्याचा तो प्रश्न आहे.

या बेटाला पाळतीची ओळख नवी नाही. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख गिरमिटिये मजूर तेथे उतरले. त्यांत रत्नागिरीकडचे, कोकणातले मराठी कष्टकरीही होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात. कराराची मुदत संपलेल्या मजुरालाही १८६७ च्या कायद्याने स्वतःचे छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती केली. परवाना नसला की भटकेपणाच्या आरोपाखाली अटक! मळेवाल्यांना मजूर स्वस्तात आणि मुठीत हवा होता. छायाचित्र हे त्याचे साधन ठरले. १८७१ साली ९,४०१ मजुरांनी या जाचाविरुद्ध अर्जावर सह्या केल्या आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्या काळी शिपाई परवाना मागत असे. आज चेहरा हाच परवाना आणि कॅमेरा हाच शिपाई. फरक इतकाच की शिपायाने अडवले हे मजुराला कळत तरी होते.

‘ज्याने गुन्हा केला नाही त्याने भ्यायचे कशाला?’ असा प्रश्न सत्ताधारी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर मॉरिशसनेच दिले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, राजकारणी, वकील, पत्रकार यांच्या दूरध्वनी-संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. सरकारने त्या बनावट ठरवल्या. ३१ ऑक्टोबरला तर समाजमाध्यमेच बंद करण्याचा हुकूम सुटला आणि गदारोळ होताच लगेच मागे घ्यावा लागला. १० नोव्हेंबरला मतदारांनी मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा विरोधी आघाडीच्या पदरात टाकल्या. दूरध्वनी ऐकण्याची सामग्री वेगळी आणि चौकातले कॅमेरे वेगळे, हे खरे. पण पहाऱ्याची साधने हाती असलेल्या सत्तेवर जनतेचा विश्वास किती उरतो, हे त्या मतपेट्यांनी सांगितले.

मात्र सरकार बदलल्याने यंत्र आपोआप बदलत नाही. कालचा पाळत सोसणारा आज खुर्चीवर बसला की किल्ली त्यालाही हवीशी वाटू लागते. म्हणून मागणी व्यक्तीकडे नव्हे, व्यवस्थेकडे हवी. सौद्याची सारी कागदपत्रे संसदेपुढे यावीत. न्यायाधीशाच्या लेखी आदेशाविना कोणाच्याही चेहऱ्याचा माग काढला जाऊ नये. चित्रे किती दिवसांनी पुसायची, हे पोलिसांच्या मर्जीने नव्हे, कायद्याने ठरावे. सामग्रीच्या देखभालीचे ज्ञान देशातील तंत्रज्ञांच्या हाती यावे.

मुंबई-पुण्याच्या चौकाचौकांतही असेच कॅमेरे उभे आहेत. तेथील कार्यकर्त्यांनी मॉरिशसकडे दूरच्या बेटाची गोष्ट म्हणून पाहू नये. कुंपणानेच शेत खाऊ नये असे वाटत असेल, तर कुंपण घालण्यापूर्वीच त्याच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहणार, हे विचारावे लागते. पीक गेल्यावर विचारून उपयोग नसतो.