काचेचं वाद्य ऐकून माणूस वेडा होतो? ‘ग्लास हार्मोनिका’बद्दलच्या दाव्यात किती तथ्य?

‘ऐकणाऱ्याला वेड लावणारं शापित वाद्य’ अशा मथळ्याचा व्हिडिओ कदाचित तुमच्याही फीडमध्ये आला असेल. आडव्या दांड्यावर ओळीने बसवलेल्या काचेच्या वाट्या आणि त्यांवर ओली बोटं टेकवणारा वादक, म्हणजे ग्लास हार्मोनिका. फ्रान्सचे थॉमस ब्लॉक यांच्यासारखे ती व्यावसायिक पातळीवर वाजवणारे कलाकार जगात मोजकेच आहेत. ती इतकी दुर्मीळ का झाली?

हे वाद्य आलं कुठून?

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६१ मध्ये लंडनमध्ये असताना ते तयार केलं. पाणी भरलेल्या पेल्यांच्या काठावर बोट फिरवून सूर काढण्याची पद्धत तिथे आधीपासून होती. फ्रँकलिन यांनी पाणी काढून टाकलं आणि लहान-मोठ्या वाट्या फिरत्या दांड्यावर बसवल्या. आपल्या जलतरंगात वाट्यांवर काडीने आघात करतात. इथे वाटी फिरते आणि ओल्या बोटाच्या घर्षणाने सूर निघतो. १७९१ मध्ये मोझार्टने अंध वादक मारियान किर्शगेसनर यांच्यासाठी या वाद्याची रचना लिहिली.

वेडाची गोष्ट कशी पसरली?

या वाद्याचे बरेच सूर साधारण १,००० ते ४,००० हर्ट्झच्या टप्प्यात असतात. या टप्प्यात आवाज कुठून येतोय हे ओळखणं मेंदूला अवघड जातं, म्हणून तो गूढ वाटतो. डोनिझेटीने १८३५ च्या ‘लुचिया दी लामरमूर’ या ऑपेरात नायिकेच्या वेडाच्या प्रसंगासाठी हाच आवाज योजला होता.

काचेतलं शिसं बोटांवाटे अंगात जातं, असंही सांगितलं जातं. पण त्या काळी शिसं रंगांत आणि भांड्यांतही असायचं. या वाद्यामुळेच कुणी वेडं झाल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. स्वतः फ्रँकलिन ते वाजवत आणि ८४ वर्षं जगले. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, पण व्हिडिओंमध्ये हे सहसा सांगितलं जात नाही.

मग ते मागे का पडलं?

कारणं साधी आहेत. वाद्याचा आवाज नाजूक, सभागृहं मोठी होत गेली आणि जोरकस पियानो पुढे आला. शिवाय काच फुटण्याची भीती आणि बनवणारे कमी.

१९८० च्या दशकात अमेरिकेत गेरहार्ड फिंकेनबाइनर यांनी शिसं नसलेल्या क्वार्ट्झ काचेपासून हे वाद्य पुन्हा बनवायला घेतलं. १९९९ मध्ये ते छोटं विमान घेऊन निघाले आणि परतलेच नाहीत. त्यांची कंपनी पुढे चालू राहिली, म्हणून वाद्यं मिळत राहिली.

म्हणजे या वाद्याला खरा धोका शापाचा नाही. बनवणारे आणि शिकवणारे हात संपले, तर ते पुन्हा संग्रहालयात जाईल. पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला, तर फॉरवर्ड करण्याआधी मोझार्टची ती रचना एकदा ऐका.