नाव तिचं, शेअर कुणाचे?



आपल्या अंकाच्या संपादकीयात शेअर बाजार पाहून काहीजणींच्या भुवया उंचावतील. संपादक मंडळाच्या बैठकीतही त्या उंचावल्याच. 'तो पैसेवाल्यांचा सट्टा. रेशन, पाणी, रोजगार हमी सोडून आपण तिकडे कशाला वळायचं?' असं एका ज्येष्ठ मैत्रिणीने सरळ विचारलं. प्रश्न रास्त आहे. श्रीमंत कसं व्हावं हे सांगायला आपण हे त्रैमासिक काढत नाही. पण सल्ला केंद्रात बसायला लागल्यापासून मला एक गोष्ट सारखी दिसते. मारहाणीची, टाकून दिल्याची, वैधव्यानंतर घराबाहेर काढल्याची तक्रार घेऊन बाई येते. दागिने किती, भांडी किती, घर कुणाच्या नावावर, हे सगळं आपण तिला विचारतो. नवऱ्याच्या किंवा खुद्द तिच्या नावावर शेअर आहेत का, हे मात्र विचारत नाही. विचारलंच तर उत्तर येतं, 'काहीतरी होतं बाई, ह्यांनी सह्या घेतल्या होत्या.'

त्या 'काहीतरी'चा माग काढायचा तर या बाजाराची भाषा थोडीफार यायला हवी. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दोन वर्षांत आम्हाला यातला एक शब्दही कुणी शिकवला नाही.

भाषा तशी फार परकी नाही. सहकारी साखर कारखान्याचा 'भाग' गावाकडच्या बायकांना ठाऊक असतो, त्यावर सवलतीची साखर येते. शेअर म्हणजे तसाच मालकीचा एक हिस्सा. फरक असा, की सहकारात सभासदाकडे भाग कितीही असले तरी मत एकच, आणि कंपनीत जितके शेअर तितकी मतं. कंपनी पहिल्यांदा लोकांकडून भांडवल मागते, तो आयपीओ. पुढे तेच शेअर लोक दलालामार्फत आपसांत विकतात आणि घेतात, तो बाजार. इथे दिलेला पैसा कंपनीकडे जात नाही, विकणाऱ्याकडे जातो. नफ्यातून भागधारकांना वाटतात तो लाभांश, पण दरवर्षी तो वाटलाच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर बाजारात हजारालाही जातो आणि आठ आण्यांनाही. सेन्सेक्स चढला म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या निवडक ३० कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक चढला, एवढंच. त्याला देशाची भरभराट म्हणायचं की नाही, ते टीव्हीवाल्यांनी ठरवावं.

पूर्वी शेअर म्हणजे छापील कागद असत. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर त्यांच्या जागी खात्यातल्या नोंदी आल्या. हेच डिमॅट खातं. एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन संस्थांकडे या नोंदी राहतात आणि खातं उघडून देणारा दलाल किंवा बँक हा मधला दुवा असतो. सोय झाली, चोऱ्या आणि खोट्या सह्या कमी झाल्या, हे खरं. पण कागद ट्रंकेत होते तोवर बाईच्या हाताला लागत तरी होते. आता खातं मोबाइलमध्ये आणि मोबाइल नवऱ्याच्या खिशात.

मग बायकोच्या नावाने खातं उघडतातच कशाला? आयपीओला मागणी फार आली की लहान गुंतवणूकदारांसाठी सोडत निघते आणि एका पॅनवर एकच अर्ज चालतो. म्हणून बायको, आई, वहिनी, सगळ्यांच्या नावाने अर्ज भरले जातात. जितकी नावं, तितक्या चिठ्ठ्या! खात्याला मोबाइल नंबर आणि ईमेल त्याचा, त्यामुळे शेअर विकतानाचा ओटीपीही त्याच्याकडेच जातो. कायद्याच्या लेखी मात्र मालकीण ती. भाव वाढला तर ती त्याची हुशारी ठरते. बुडालं तर दलालाच्या थकबाकीची नोटीस तिच्या नावाने येते. आमच्या केंद्रात आलेल्या एका शिक्षिकेला अशी नोटीस आली, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आपण वायदे बाजारात 'व्यवहार' करत होतो.

या वायद्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. शेअर विकत घेऊन ठेवणं आणि फ्युचर-ऑप्शन खेळणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसऱ्यात शेअर पदरात न घेता त्याचा पुढचा भाव काय असेल यावर पैसे लावले जातात, तेही थोड्या रकमेवर मोठा सौदा करून. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत यात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि दर माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. 'घरबसल्या जोडधंदा' म्हणून नवरा किंवा मुलगा हे करत असेल, तर बाईने आधी आपलं सोनं जागेवर आहे का ते पाहावं.

नॉमिनी या शब्दाने तर कितीतरी बायकांचं नुकसान केलं आहे. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने एका विधवेला सांगितलं, की नवऱ्याने शेअरसाठी दुसऱ्या नातेवाइकाला नॉमिनी केलं असल्याने शेअर त्याचे, ते विकायचा अधिकार तिला नाही. २०१६ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने हे मत चुकीचं ठरवलं आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नॉमिनीच्या नावावर शेअर येतात, पण त्यामुळे तो वारस होत नाही. वारस कोण, ते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतं. म्हणून 'नॉमिनी दीर आहेत, आता काय उपयोग' असं म्हणून परत निघालेल्या बाईला थांबवा. याची दुसरी बाजूही तिला सांगा. ती स्वतः नॉमिनी असली, तरी तेवढ्याने सगळं तिचं होत नाही.

जुने कागद सापडले तर टाकू नयेत. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर तो लाभांश आणि ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातात. तिथून परत मागता येतात, वारसालाही. कागदपत्रांची दमछाक फार, पण वाट बंद नाही.

आपल्या रोजच्या केसेसमध्ये याचा थेट उपयोग आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाची व्याख्या आहे, तिच्यात शेअर आणि रोखे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बाईचा हितसंबंध असलेली, किंवा तिला नि मुलांना गरजेची असलेली मालमत्ता परस्पर विकणं हा छळ आहे. कलम १८ खाली अशा विक्रीला मनाईही मागता येते. पोटगीच्या खटल्यांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दिला. त्यात गुंतवणूकही आली. 'पगाराशिवाय माझं काही नाही' असं सांगणाऱ्या नवऱ्याचं बँकेचं पासबुक मागवून घ्या. लाभांश खात्यात जमा होतो, तेव्हा नोंदीत बहुधा कंपनीचं नाव दिसतं. तिथून धागा मिळतो.

आमच्या केंद्राच्या नोंदणी फॉर्ममध्ये आम्ही आता काही प्रश्न घातले आहेत. तुमच्या नावाने डिमॅट खातं आहे का? त्याला कुणाचा मोबाइल आणि ईमेल जोडला आहे? नॉमिनी कोण? संयुक्त खातं असेल तर दुसरं नाव कुणाचं? खातं बाईच्या एकटीच्या नावावर असेल, तर मोबाइल बदलण्याचा अर्ज ती आपल्या सहीने देऊ शकते, नवऱ्याची संमती लागत नाही. तिच्या पॅनवरची सगळी डिमॅट खाती आणि म्युच्युअल फंड एकत्र दाखवणारं विवरणही डिपॉझिटरीकडून मिळतं. पहिल्याच भेटीत ते मागवायला सांगा. दलाल दाद देत नसेल, तर सेबीच्या 'स्कोअर्स' या व्यवस्थेत तक्रार करता येते. हे प्रश्न तुमच्या केंद्रांतही विचारून पाहा, आणि काय उत्तरं येतात ते पुढच्या अंकासाठी आम्हाला जरूर लिहून पाठवा.