फुलांवरून टाके नकोत

अमेरिकेत राहून हाताने अ‍ॅप्लिक करणाऱ्या मैत्रिणींनो, क्विल्टचा वरचा थर लाँगआर्म मशीनवर शिवायला देण्याआधी एक गोष्ट पक्की करा: टाके तुमच्या फुलापानांवरून जाणार, की त्यांच्या कडेने?

या मशीनवर कापड चौकटीत ताणलेलं असतं आणि शिलाईचं डोकं त्यावरून फिरतं. स्वस्तातलं काम म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत एकच नक्षी. ती मध्ये काय आलं ते बघत नाही. आपल्या गोधडीतही धावदोरा ठिगळांवरून जातो, पण तिथे विरलेलं कापड धरून ठेवायचं असतं. इथे तुमची नाजूक कड त्याच टाक्यांखाली दबून जाईल.

म्हणून ‘कस्टम’ काम मागा: प्रत्येक आकाराच्या कडेला अगदी लागून शिलाई आणि मागच्या मोकळ्या जागेत दाट भरणी. दाट भरलेली जागा खाली बसते, फूल आपोआप वर उठतं. पाकळी फारच मोठी असेल तर आत दोन-चार रेषा घालाव्या लागतात. टाक्यांमध्ये किती अंतर चालेल ते बॅटिंगच्या, म्हणजे मधल्या भरावाच्या थराच्या, वेष्टनावर लिहिलेलं असतं. हवाईच्या पारंपरिक क्विल्ट नक्की बघा. आकाराभोवती ओळीमागून ओळ कशी फिरवतात, ते तिथे दिसेल.

असं काम महाग पडतं. दर बहुधा चौरस इंचावर असतो. ८० बाय ८० ची क्विल्ट म्हणजे ६,४०० चौरस इंच. दरात एका सेंटचा फरक पडला तरी ६४ डॉलर वाढतात. तेव्हा आकडा आधीच लिहून घ्या.

देण्यापूर्वी घरी एवढं करा. मागे लोंबणारे दोरे कापा. पांढऱ्या कापडाखाली गडद दोरा पुढून दिसतो. साच्याचा कागद आत राहिला नाही ना, ते बघा. अस्तर आणि बॅटिंग चारही बाजूंनी ४ इंच जास्त ठेवा. थर एकमेकांना टाचू नका, ते मशीनवर वेगवेगळे चढवतात. मणी, बटणं शिलाईनंतरच लावा. जुन्या साडीचं लाल किंवा निळं कापड वापरलं असेल, तर ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का ते तपासा. धुतल्यावर जाणाऱ्या निळ्या पेनच्या खुणांवर इस्त्री फिरवू नका, त्या कायमच्या बसू शकतात.

दोऱ्याचा रंग, टाके नको असलेल्या जागा आणि तारीख एका कागदावर लिहा. उरलेल्या कापडावर नमुना शिवून मागा. तो पसंत पडला, तरच पुढचं काम सुरू करायला सांगा. एकदा घातलेली दाट शिलाई उसवताना सगळ्यात आधी तुमचं हातकामच दुखावतं.