पोट नसलेल्या मुलीची पोटदुखी

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक १९ वर्षांची मुलगी आहे. तिचं पोट भयंकर दुखतंय. पण गंमत अशी, की तिला पोटच नाही! रक्त नाही, हाडं नाहीत. एकापाठोपाठ एक पन्नास जणांनी तेच तेच प्रश्न विचारले तरी ती वैतागत नाही. सांगा पाहू, कोण ही?

भूत? छे! ही डायना. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात बेंजामिन लोक या संगणकतज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास तयार केलेली संगणकातली पेशंट. खोलीच्या भिंतीवर तिचं माणसाएवढं हलतं चित्र पडायचं. डॉक्टरकी शिकणारे विद्यार्थी तिच्याशी तोंडानं बोलायचे आणि ती उत्तरं द्यायची.

तुम्ही म्हणाल, खोटा पेशंट तपासून काय उपयोग? ना नाडी लागणार, ना ताप मोजता येणार! अगदी बरोबर. पण डायना त्यासाठी नव्हतीच. ती होती डॉक्टरांना बोलायला शिकवण्यासाठी. आणि त्याहूनही जास्त, ऐकायला शिकवण्यासाठी.

आता ऐकायला काय शिकायचं? कान तर सगळ्यांनाच असतात! थांबा, एक आकडा सांगते. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकन संशोधकांनी डॉक्टर आणि पेशंट यांच्या ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. पेशंट तक्रार सांगायला लागला, की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते! घड्याळ लावून १८ सेकंद मोजून पाहा. तेवढ्या वेळात तुमची तक्रार पुरी सांगून होईल का?

यात धोका आहे, बरं का. महत्त्वाची गोष्ट माणूस पुष्कळदा शेवटी सांगतो. लाजत, घाबरत, दारापाशी पोचल्यावर. ‘तसं काही नाही हो, पण जिना चढताना छातीत जरा भरून येतं.’ ही गोष्ट पोटातच राहिली, तर औषध भलत्याच आजाराचं मिळेल!

मग हे बोलणं-ऐकणं शिकायचं कुणावर? खऱ्या आजारी माणसावर? तो आधीच बेजार झालेला असतो. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा एका पेशंटनं गंमतच सांगितली. परीक्षेत विद्यार्थ्यांपुढं तपासायला ठेवलेला हा पेशंट. त्याला तपासणारा एक जण फार तुसडेपणानं वागला. मग काय! या पठ्ठ्यानं मुद्दाम आपली लक्षणंच बदलून दाखवली! आहे की नाही? तुसडेपणानं वागलं, तर खरी माहितीही मिळत नाही.

पुढं १९६३ मध्ये बॅरोज यांनी लॉस एंजेलिसमध्ये एका धडधाकट बाईंना पाय लुळे पडलेल्या पेशंटची भूमिका शिकवली. तपासून झालं, की विद्यार्थ्यांचं कुठं चुकलं तेही कळायचं. तेव्हा लोक हसले. ‘वैद्यकीय कॉलेजात नाटक-सिनेमा घुसला’ अशी थट्टा झाली. पण आज जगभर असे नट-पेशंट वापरतात. फक्त नटांना शिकवायला वेळ लागतो, पैसे लागतात आणि रात्री अकरा वाजता ‘पुन्हा एकदा आजारी पडता का?’ असं त्यांना विचारता येत नाही. म्हणून तर डायनासारख्या पेशंटची गरज पडली.

डायनाच्या पोटात, माफ करा, संगणकात दडलेलं असतं काय? प्रश्नांची आणि उत्तरांची मोठी यादी. विद्यार्थ्याचं बोलणं ऐकून संगणक त्यातले शब्द ओळखतो. ‘कधीपासून दुखतंय?’ आणि ‘दुखायला केव्हा लागलं?’ हे दोन्ही प्रश्न एकच, हे त्याला शिकवावं लागतं. जुळणारा प्रश्न सापडला, की ठरलेलं उत्तर येतं. आताचे नवे प्रोग्रॅम तर उत्तरं स्वतःच रचतात, त्यामुळे गप्पा जास्त खऱ्या वाटतात.

याचा उपयोग होतो का? मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४२१ विद्यार्थी होते. काही जण संगणकातल्या माणसांशी बोलून शिकले, काही जण संगणकावरचा साधा धडा पाहून. मग सगळ्यांची परीक्षा झाली. बोलून शिकलेल्यांना जास्त गुण मिळाले.

तरीही एक शंका उरतेच. ‘अरेरे, तुम्हाला किती त्रास होत असेल!’ असं म्हटलं की गुण मिळतात, हे कळलं तर विद्यार्थी पोपटासारखं तेच म्हणणार नाहीत का? म्हणू शकतात. आणि संगणकाला खरं दुखतही नाही. मला वाटतं, हा पेशंट म्हणजे पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा. डबा असला की बुडायची भीती नसते. चुकलं तर पुन्हा हातपाय मारता येतात, कुणाचं काही बिघडत नाही. पण जन्मभर डबा बांधून कोण पोहतं? एक दिवस तो सोडून खऱ्या माणसासमोर बसावंच लागतं. आपल्या देशातही २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं वागावं, कसं बोलावं याचे धडे ठेवले आहेत.

आता तुमच्यासाठी खेळ. दोघं जण घ्या. एक पेशंट, दुसरा डॉक्टर. पेशंटनं एका चिठ्ठीवर तक्रार लिहायची आणि तिच्यामागचं गुपितही. समजा, तक्रार ‘पोट दुखतं’. गुपित ‘शाळेत एक मुलगा रोज चिडवतो, म्हणून सकाळी शाळेच्या वेळीच दुखतं’. नियम एकच. ‘उलटी झाली का? काल वडापाव खाल्लास का?’ अशा प्रश्नांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं. पण डॉक्टरनं ‘सगळं सावकाश सांग, मी ऐकतोय’ असं म्हणून एक मिनिट मध्ये तोंड घातलं नाही, तरच गुपित सांगायचं. मग भूमिका बदला.

हा खेळ आईबाबांनाही खेळायला लावा. ‘पोट दुखतं’ म्हटल्यावर ‘नाटकं करू नकोस, दप्तर उचल!’ असं म्हणायला तर दोन सेकंदही लागत नाहीत. म्हणून त्यांना आधी डॉक्टर करा. पूर्ण एक मिनिट गप्प बसायची अट मात्र सोडू नका!