डेपो बंद झाला, पाण्याचं काय?

मागच्या महिन्यात गावाबाहेरच्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. वस्तीमागचा कचरा डेपो बंद होऊन बरीच वर्षं झाली. वर माती पडली, गवत उगवलं, आता तिथे शेळ्या चरतात. चहा पिताना एकजण म्हणाली, "ताई, पावसाळा झाला की बोअरच्या पाण्याला वास येतो. पण मी दोनदा उकळते, मगच पोरांना देते." बाकीच्याही म्हणाल्या, "आम्ही पण तेच करतो." मला मात्र चहा गोड लागेना.

उकळल्याने जंतू मरतात, हे खरं. पण पाण्यात विरघळलेले क्षार, नायट्रेट, शिसं उकळून जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं. जास्त नायट्रेटच्या पाण्यात तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवली, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. म्हणजे आई काळजीने जे करते, तेच अपुरं पडतं.

डेपोचं फाटक बंद झालं म्हणून आतला कचरा कुजायचा थांबत नाही. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि काळंशार होऊन जमिनीत उतरतं. त्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे, जुनी औषधं असं सगळ्यांचं सार असतं. जुन्या डेपोंच्या तळाशी बहुतेक ठिकाणी अस्तर घातलेलंच नव्हतं. त्यात आपल्याकडचा काळा कातळ! पाणी त्याच्या भेगांतून वाट काढतं. त्यामुळे डेपोजवळची विहीर चांगली आणि लांबची खराब, असंही होऊ शकतं. एकाच विहिरीचं पाणी तपासून "सगळं ठीक आहे" म्हणणं म्हणूनच चुकीचं.

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या सुमारे 163 एकरांच्या डेपोवर पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं पडला. विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही आणि गावांना टँकरची वाट पाहावी लागली. 2017 मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या. तेव्हा कुठे शहराला आपल्या बादलीची आठवण झाली.

सरकारी नियमांत हे सगळं नव्हतं असं नाही. घनकचऱ्याच्या 2000 सालच्या नियमांत आणि पुढे 2016 च्या नियमांतही, डेपो बंद झाल्यावर किमान 15 वर्षं त्याची देखभाल करावी, असं लिहिलं होतं. हद्दीपासून 50 मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासावं, असंही होतं. मग हे अहवाल मागायला काय हरकत आहे? ग्रामसभेत विचारा, नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

आणि मैत्रिणींनो, थोडी तपासणी आपणही करू शकतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, किट कुठे आहे, याची चौकशी करा. डेपोच्या चढाकडच्या आणि उताराकडच्या, दोन्ही बाजूंच्या विहिरींचे नमुने घ्या. नायट्रेट शेतातल्या खतातून किंवा संडासाच्या शोषखड्ड्यातूनही येतं, म्हणून ही तुलना महत्त्वाची. लिटरला नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर, क्लोराइड 250 च्या वर असेल तर सावध व्हा. शिसं मात्र किटवर कळत नाही. त्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम इतकी बारीक आहे, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तारीख, विहीर आणि आकडा वहीत लिहून ठेवा. तोंडी तक्रार हवेत विरते, वहीतला आकडा विरत नाही.

त्या वस्तीतल्या बायकांनी वही घातली आहे. पहिल्या पानावर सात विहिरींची नावं आहेत. निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी नळावरून आणायचं ठरलंय. लांब पडतं, पण आणतात.

आपल्या घरातून कचऱ्याची बादली गेली, की आपल्या दृष्टीने विषय संपतो. तो कुणाच्या तरी हंड्यात पुन्हा सुरू होतो, एवढं ध्यानात ठेवूया.