वाढणाऱ्या हाताला सांगा

सण जवळ आला की 'गोड जपून खा' हा सल्ला सगळीकडून सुरू होतो आणि तो नेहमी खाणाऱ्याला उद्देशून असतो. गौरीच्या किंवा भाऊबीजेच्या जेवणात मात्र कोण किती खाणार, हे खाणाऱ्याच्या हाती फारसे उरत नाही. पोळी तव्यावरून थेट पानात पडते, तिच्यावर तुपाची धार येते आणि 'नको, नको' म्हणत पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून दुसरी पोळी वाढली जाते. पंगतीत प्रमाण ठरवतो तो वाढणारा हात. तेव्हा सल्ला द्यायचाच, तर तो त्या हाताला द्यायला हवा.

आग्रहाची रीत काही वाईट हेतूने आलेली नाही. गोडधोड सणावारीच व्हायचे, त्या काळात पाहुण्याने संकोचाने अर्धपोटी उठू नये ही त्यामागची माया होती. आता परिस्थिती उलट आहे. वाढदिवसाचा केक, कुणाच्या निकालाचे पेढे, फ्रिजमधला आम्रखंडाचा डबा, असे करत आठवड्यातून दोनदा तरी गोड होतेच. शिवाय पंगतीत बसणारी माणसेही बदलली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेला देशव्यापी अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. वीस मोठ्या माणसांच्या पंगतीत सरासरीने दोन मधुमेही आले. त्यांतल्या काहींना आपल्याला मधुमेह आहे, हे माहीतही नसते.

'एवढ्याने काय होतंय?' हे वाढणाऱ्याचे ठरलेले वाक्य. पुरणात जेवढी डाळ, साधारण तेवढाच गूळ पडतो. तूप धरून एक पुरणपोळी तीन-चार फुलक्यांच्या बरोबरीची होते. 'गुळाची आहे, साखरेची नाही' या समजुतीला काही आधार नाही. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि रक्तात गेल्यावर ती आपले काम करते. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला वीसएक मिनिटे लागतात. आग्रहाची पोळी नेमकी त्याच्या आत पानात पडलेली असते.

वजनाचे म्हणाल, तर एका दिवसाच्या जेवणाने ते फारसे वाढत नाही. अमेरिकेत नाताळाच्या सुट्ट्यांत लोकांचे वजन किती वाढते, याचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला होता. सरासरी वाढ अर्ध्या किलोहूनही कमी निघाली. पण ते वजन पुढच्या काही महिन्यांत उतरलेही नाही, हे त्यातले महत्त्वाचे. आपल्याकडे तर श्रावणापासून दिवाळीपर्यंत सणांची रांग असते.

मात्र सणाच्या दिवशी तातडीच्या विभागात जे दिसते, त्याचा वजनाशी संबंध नसतो. हृदयाची ताकद कमी झालेल्या आजोबांना गोडाइतकाच पापड, लोणचे, कुरडई आणि चिवडा भोवतो. दिवसभरात सगळे मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक चमचा. पानाची डावी बाजूच तेवढे देऊन जाते. त्यातच, पाहुणे आहेत, सारखे उठावे लागते, म्हणून लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी घेतलेली नसते. मग रात्री आडवे पडले की दम लागतो. दुसरी गोष्ट 'गॅस झालाय' ही. जड जेवणानंतर छातीत जळजळ होणे नेहमीचेच, पण छातीवर दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे यांवर ओवा आणि सोडा देत तासभर घालवणे जिवावर बेतू शकते. आधी ईसीजी काढावा. तो चांगला आला आणि डॉक्टरांनी गॅसच आहे असे सांगितले, तर उत्तमच.

या सगळ्यात सर्वांत कमी लक्ष जाते ते जेवण करणाऱ्या बाईकडे. पहाटे उठून पुरण घालणारी, सोळा भाज्या निवडणारी, पन्नाशी-साठीची ही बाई पुष्कळदा स्वतःच मधुमेही असते. नैवेद्य होईपर्यंत ती तोंडात काही घालत नाही. सकाळची गोळी मात्र सवयीने घेतलेली असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही, ते पाहत नाही; ती साखर उतरवत राहते. आरतीला उशीर होतो, एखादा पाहुणा वाटेत अडकतो, दीड वाजतो. बाई चिडचिड करू लागते, हात थरथरतात, घाम फुटतो. घरचे म्हणतात, 'दमलीये, चुलीपाशी उभी आहे ना सकाळपासून.' रक्तातली साखर 70 च्या खाली गेल्याची ही लक्षणे आहेत, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवायला वाढावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. आरती त्यासाठी थांबली, तर गौरी रागावणार नाही.

हीच बाई शेवटच्या पंगतीला, चार वाजता बसते. तोवर भाज्या संपलेल्या असतात आणि पोळ्या उरलेल्या. 'टाकायच्या कशा?' म्हणून त्या पुढचे दोन दिवस तीच संपवते. मग साखर साडेतीनशेवर जाते आणि तपासणीच्या वेळी तिलाच ऐकून घ्यावे लागते, की पथ्य पाळत नाही. कुणी 'आज एक गोळी जास्त घे' असेही सुचवते. जास्तीची गोळी दुपारच्या पुरणाचा हिशेब चुकता करत नाही. तिचा असर लांबतो आणि पहाटे, सगळे झोपेत असताना, साखर खाली जाऊ शकते. सणाच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचे, हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

वाढणाऱ्याला करता येण्याजोगे फार थोडे आहे. पोळ्या छोट्या लाटाव्यात. तूप वाटीत ठेवावे, ज्याला हवे तो घेईल. कोशिंबीर आणि पालेभाजी आग्रहाने वाढावी. तिचा आग्रह कधी कुणी केलेला दिसत नाही. एकदा 'नको' ऐकले की पुढच्या पानाकडे वळावे. आणि नैवेद्य अकराच्या आत दाखवून ते पान घरात जिला साखरेची गोळी सुरू आहे, तिच्यापुढे सर्वांत आधी ठेवावे. पाहुणे तोवर गप्पा मारतील.