बिऱ्हाड कोठें थाटावें?

संसारांतील ज्या थोड्या गोष्टी एकदां चुकल्या म्हणजे पुन्हां सहज सुधारतां येत नाहींत, त्यांत घराची जागा ही एक होय. भांडें चुकीचें घेतलें तर मोडींत घालतां येतें, नोकरी मानवली नाहीं तर दुसरी पाहतां येते. परंतु वीस वर्षांच्या कर्जानें घेतलेलें घर मनुष्याला जेथल्या तेथें धरून ठेवतें. ज्या कुटुंबांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें तर हा निर्णय एकट्या कर्त्या पुरुषाचा नसतो. सातआठ माणसांच्या रोजच्या जीवनक्रमाचा तो प्रश्न असतो. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे. आणि तो हवेंत न करितां एका नांवागांवाच्या ठिकाणाला धरून करणें बरें.

तें ठिकाण म्हणजे पनवेलच्या दक्षिणेस असलेलें करंजाडे. दादर-गिरगांवची वडिलोपार्जित जागा अपुरी पडूं लागली, ठाण्याचे भाव आवाक्याबाहेर गेले, म्हणजे हल्लीं मध्यम स्थितीच्या पुष्कळ घरांत या गांवाचें नांव निघतें. तिकडे जागा त्या मानानें स्वस्त, हवा मोकळी, थोडें बाहेर पडलें कीं भातशेतें दिसतात. तेव्हां लहान गांवांत राहावें आणि मुंबईंत नोकरी करावी, असा एकंदर विचार असतो. विचार वाईट नाहीं. मात्र त्यांतील ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ कोणी उलगडून पाहत नाहीं. आपण तो पाहूं.

पनवेल हें मुळांत खाडीकांठचें बंदर आणि भाताच्या मुलखाची पेठ. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू जलमार्गानें पनवेलीस येई व तेथून पुढें घाट चढे. पुढें आगगाडी कल्याणवरून गेली आणि हा ओघ आटला. तरी गांव मोडलें नाहीं. कारण गांवाची भाकरी गांवांतच भाजत होती. भोंवतालच्या खारजमिनींत भात आणि आगरांत मीठ पिके, तें पेठेंत येई. बैलगाडीचीं चाकें करणारे कुशल सुतार येथें होते व त्यांचा माल घाटावर जाई. १८५२ सालीं येथें नगरपालिका झाली; १८७२ सालीं श्रीधूतपापेश्वरचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. व्यापारी, वैद्य, वकील, शाळामास्तर, सुतार व आगरी शेतकरी या सर्वांचें काम घरापासून पायीं जाण्याच्या अंतरावर होतें. अशा गांवांत मिळकत थोडी असली तरी ती पुरत असे. जागेचें भाडें कमी, हें त्याचें अर्धेंच कारण. काम आणि चूल यांच्यामध्यें अंतर नव्हतें, हें दुसरें व अधिक महत्त्वाचें.

लहान शेतीप्रधान शहराची खरी स्वस्ताई ही अशी असते. आपल्याकडे याचें एक उत्तम उदाहरण आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांतील कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. भोंवतालच्या शेतकऱ्याला लागणारे नांगर जेथें होत, तेथेंच कामगारांचीं घरें झालीं. विलायतेंत एबेनेझर हॉवर्ड यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला. सहा हजार एकर जमीन घ्यावी, तींतील एक हजार एकरांवर नगर वसवावें, पांच हजार एकर शेती कायम राखावी, आणि नगरांतल्या माणसाला नगरांतच काम मिळावें, अशी त्यांची योजना होती. १९०३ सालीं लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ येथें तिचा आरंभ झाला. दोन्ही ठिकाणीं तत्त्व एकच: घर कामाकडे न्यावें, किंवा काम घराकडे आणावें.

नव्या मुंबईच्या मुळाशींही हाच हेतु होता. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनीं १९६५ सालीं ‘मार्ग’ नियतकालिकांत मुंबईसमोर खाडीपलीकडे नवें नगर वसविण्याची कल्पना मांडली, ती तेथें नुसतीं निजण्याचीं घरें बांधण्यासाठीं नव्हे, तर कामधंदे तिकडे नेऊन मुंबईचा भार कमी करण्यासाठीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व ९५ गांवांची जमीन या कामीं योजण्यांत आली. परंतु घरें जितक्या लवकर उठलीं, तितक्या लवकर कामधंदे आले नाहींत. १९९८ सालीं मुंबईची लोकल पनवेलपर्यंत आली, आणि मधल्या काळांत माणसांनीं आपल्यापुरता मार्ग काढला: घर इकडे, हजेरी तिकडे.

येथें आणखी एका गोष्टीची आठवण ठेवणें आपलें कर्तव्य आहे. ज्या जमिनीवर हीं घरें उभीं राहिलीं, ती पडीक नव्हती. खारजमीन ही निसर्गानें फुकट दिलेली वस्तु नव्हे. समुद्राचें पाणी थोपविण्यास बांध घालावा लागतो, पावसाचें पाणी बाहेर सोडण्यास उघाडी राखावी लागते. एका उधाणाला बांध फुटला तर शेत खारावून बसतें. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ यांसारख्या खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, त्या अशाच जमिनीसाठीं. ही जमीन जातांना योग्य मोबदला मिळावा म्हणून १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण तालुक्यांत जासईच्या परिसरांत शेतकऱ्यांनीं आंदोलन केलें; गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यांतून पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याची योजना आली. विमानतळासाठीं दहा गांवें उठविण्यांत आलीं, त्या वेळीं हें प्रमाण साडेबावीस टक्के ठरलें, आणि त्या गांवांतील कांहीं कुटुंबांस वडघर-करंजाडे भागांत भूखंड मिळाले. म्हणजे करंजाड्याला आपल्या शेजारच्या इमारतींत राहणारें कुटुंब पुष्कळदां त्याच मुलखाचें जुनें शेतकरी कुटुंब असतें. आपण तेथें उपकार करावयास जात नसून त्यांच्या गांवीं राहावयास जात आहों, ही जाणीव असली म्हणजे शेजारधर्म आपोआप नीट चालतो.

आतां जमाखर्चाकडे वळूं. पनवेल ते छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस हें अंतर ४९ किलोमीटर असून लोकलला सुमारें ८० मिनिटें लागतात. करंजाड्याहून स्थानकावर येणें व गाडीची वाट पाहणें, आणि पलीकडे उतरल्यावर कचेरी गांठणें, यांस मिळून ४० मिनिटें धरलीं तर एका बाजूचा प्रवास दोन तासांचा झाला. रोजचे चार तास, महिन्याचे २५ दिवस. एकूण शंभर तास. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरिला तर दर महिन्यास साडेबारा दिवस, ज्यांचें वेतन कोणी देत नाहीं. वर्षांतून एक महिना रजेचा वजा केला तरी वर्षाचे अकराशें तास होतात. कर्जाच्या वीस वर्षांत बावीस हजार. हे तास अहोरात्र मोजले तर ९१६ दिवस भरतात. अडीच वर्षांचें आयुष्य गाडीच्या दांडीला लोंबकळत गेलें, तें घराच्या किमतींत कोणीच मिळवीत नाहीं. २०२४ च्या जानेवारींत शिवडी-न्हावाशेवा अटल सेतु खुला झाला व मोटारवाल्यांचा वेळ वांचला; पण त्या वेळीं मोटारीस एका फेरीचा पथकर २५० रुपये ठरला. तो रोज भरणें मध्यम पगाराच्या माणसाला परवडणार नाहीं.

हा खर्च जो प्रवास करतो त्याच्याच नांवें पडतो असें मात्र नाहीं. मुलगा व सून दोघेंही सकाळीं सातला बाहेर पडून रात्रीं आठला परतूं लागलीं, म्हणजे घर कोणाच्या जिवावर चालतें? करंजाड्यांत पाण्याची तक्रार जुनी आहे. टंचाईच्या दिवसांत ठराविक वेळीं पाणी येतें किंवा टँकर मागवावा लागतो, आणि त्या वेळीं घरांत असतात सत्तरीचे मामंजी व गुडघेदुखीच्या सासूबाई. नातवाला शाळेंतून आणणें, संध्याकाळचा कुकर लावणें, दळण आणणें, हीं सर्व कामें मुकाट्यानें त्यांच्या अंगावर येतात. गिरगांवांत आजोबांना वाचनालय होतें, समवयस्कांचा कट्टा होता. येथें त्यांची ओळख लिफ्टच्या दारापुरती राहते. एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं हें स्पष्ट समजून घ्यावें कीं, वडील माणसांना केवळ पाणी भरावयास व मुलें सांभाळावयास बरोबर नेणें याला एकत्र कुटुंब म्हणत नाहींत. त्यांना तेथें काय मिळणार आहे, हें जागा ठरविण्यापूर्वीं त्यांच्याशींच बोललें पाहिजे.

तर मग करंजाडे टाळावें काय? मुळींच नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत नव्या मुंबईच्या मूळ कल्पनेंतील उरलेली बाजू हळूहळू भरूं लागली आहे. न्हावाशेवा येथील बंदर १९८९ पासून चालू आहे व त्याच्या आधारानें मालवाहतुकीचा मोठा व्यवसाय वाढला आहे. तळोजा व पाताळगंगा येथें कारखाने आहेत. पनवेलांत शाळा, महाविद्यालयें, न्यायालय व रुग्णालयें आहेत. नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्यें झालें व त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानें सुरू झालीं. हिशेबनीस, शिक्षक, परिचारिका, यंत्रज्ञ, जकातीच्या कामांतील कारकून अशा अनेकांना आतां पनवेलच्या बाजूस काम शोधतां येईल. पगार मुंबईपेक्षां थोडा उणा असला तरी वर मोजलेले शंभर तास जमेस धरून मग तुलना करावी. घरांतील सून हुशार असूनही ज्या प्रवासाच्या भयानें घरीं बसते, तिला दोन मैलांवर नोकरी मिळाली तर तो संसाराचा केवढा नफा!

ज्यांचा बेत ठरत आला असेल त्यांनीं पुढील गोष्टी अवश्य कराव्या. जागा दोनदां पाहावी: एकदां वैशाखांत, पाण्याची खरी स्थिति कळण्यासाठीं; आणि एकदां आषाढांत, भरतीच्या वेळीं जोराचा पाऊस असतांना, रस्त्यावर पाणी किती सांचतें तें पाहण्यासाठीं. दलालाला न विचारतां तेथें दोनतीन वर्षें राहिलेल्या गृहिणीस पाणी व टँकरचा खर्च विचारावा. इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळालें आहे काय, महारेराकडे तिची नोंद आहे काय, व सिडकोच्या भाडेपट्ट्याचीं किती वर्षें उरलीं आहेत, हे कागद वकिलाकडून तपासून घ्यावे. २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका झाली तेव्हां करंजाडे तिच्या हद्दींत घेतलेलें नव्हतें; म्हणून पाणी, कचरा व रस्ते यांची तक्रार नेमकी कोणाकडे करावयाची, हेंही आधींच विचारून ठेवावें. शेवटीं, कर्जाची सही करण्यापूर्वीं एक महिना तेथें भाड्यानें राहून कामाला जाऊन पाहावें. महिन्याचें भाडें फुकट गेलें असें वाटेल. पण वीस वर्षांच्या बंधनाची एवढी परीक्षा महाग नाहीं.

आमचें मत विचाराल तर तें असें: कुटुंबांतील मिळवत्या माणसांपैकीं निदान एकाचें काम पनवेलच्या बाजूस असेल, किंवा वर्षादोनवर्षांत तेथें येण्याची खात्रीची आशा असेल, तर करंजाड्यास बिऱ्हाड अवश्य थाटावें. तेथें मोकळी जागा मिळेल, पनवेलच्या बाजारांत आसपासच्या खेड्यांतून आलेली ताजी भाजी मिळेल, आणि संध्याकाळीं दिवे लागण्याच्या वेळेस घरांतलें एक तरी कर्तें माणूस घरीं असेल. सर्वच मिळवतीं माणसें खाडीपलीकडे जाणार असतील, तर मुंबईच्या जवळ दोन खोल्यांत दाटीनें राहणें हेंच कदाचित् अधिक स्वस्त पडेल. जागेचा भाव दलाल सांगतोच. आपल्या घरांतील प्रत्येकाच्या तासांचा भाव मात्र रविवारीं सर्वांनीं एकत्र बसून, वडील मंडळींना व सुनांना विचारून, आपला आपणच काढावयाचा आहे.